कोयत्याची नवी आवृत्ती

"मुकादम सांगतो, मावशी, तुमचा कारभारी फडातच पडला. आता न्हाई उठायचा." आदिनाथने फासे लंकाबाईपुढे सरकवले. "आता तुमी अर्धा कोयता."

लंकाबाईने फासे उचलले नाहीत.

पंकजा लॅपटॉपमागे गालात हसली. याच क्षणासाठी तिने आईला पाथर्डीहून नागापूरला बोलावून घेतलं होतं. आदिनाथच्या वर्कशॉपला आज सुट्टी. खाली यंत्रं गप्प, वर माळ्यावर ही तिघं.

खेळ पंकजाने आणि आदिनाथने मिळून बनवलेला. ऊसतोडीच्या टोळीतलं एकेक सोंग प्रत्येकाने घ्यायचं, त्याच्याच तोंडाने बोलायचं, अडलं की फासे टाकायचे. मुकादम होईल त्याने गोष्ट पुढे हाकायची. पहिल्या आवृत्तीचं नाव होतं 'कोयता', कारण टोळीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटं माणूस अर्धा. त्या खेळात जोडीतलं एक गेलं की डाव संपायचा. नव्या आवृत्तीत पंकजाने हे मोडलं. मागे राहिलेलं माणूस शेवटपर्यंत खेळू शकत होतं. वडील गेल्यावर आई एकटीच तोडीला जात राहिली होती.

खेळाच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ आज छापायला जायचं होतं आणि नावावरून सकाळपासून तंटा चालला होता.

"'कोयता, आवृत्ती दुसरी' टाक आन् मोकळी हो," आदिनाथ म्हणाला. "'अर्धा कोयता' बघून गिऱ्हाईक विचारील, उरलेला अर्धा डबा कधी पाठवताय?"

"विचारू दे. हे नाव आईचं आहे." पंकजाने लॅपटॉप फिरवला. "बघ आई, तुझ्यावरनं ठेवलंय."

चित्रात डोक्यावर उसाची मोळी घेतलेली एकटी बाई होती. लंकाबाईने चष्मा चढवला, वरची अक्षरं जुळवत वाचली.

"अर्धं कोन?"

"तू. म्हणजे... टोळीत तुला तसंच म्हणायचे ना?"

"मुकादम म्हनायचा." लंकाबाईने चष्मा काढला. "मोळी अर्धी बांधत हुते का मी? का ट्रकाच्या फळीवर निम्मीच चढत हुते?"

"हिशोबाचा शब्द हाय त्यो, मावशी," आदिनाथ पुटपुटला.

"ठावं हाय मला. त्याचा हिशोब हुता त्यो. तू कामून धरलास, पंके?"

पंकजाला वाटलं होतं, नाव वाचून आईचे डोळे भरून येतील. ते फडातल्या पाचटासारखे कोरडे होते आणि तिच्यावरून हलत नव्हते.

फोन वाजला. छापखान्यातून विचारत होते, "ताई, नाव फायनल ना?"

"'अर्धा' काढा."

"मग नुसतं 'कोयता' उरतंय. जुन्या-नव्यातला फरक कळायचा कसा?"

"माहीत नाही," पंकजा म्हणाली. "आतल्या पानांवरही आलाय तो शब्द. काढून पाठवते."

ती लॅपटॉपवर वाकली. शब्द तिने हौसेनं जागोजागी पेरला होता. एक पुसावा तर पुढच्या पानावर दुसरा उभा.

"खेळ थांबवू का, मावशी?" आदिनाथने विचारलं.

"कशापायी? त्यो गेला. मी हाय की." लंकाबाईने फासे टाकले.

आता फडातली पात वाटून द्यायची होती, म्हणजे ज्याने त्याने तोडायची उसाची पट्टी. जोडप्यांसाठी आदिनाथने हिरव्या पुठ्ठ्याच्या रुंद पट्ट्या कापल्या होत्या, एकट्या माणसासाठी एक अरुंद. ती त्याने लंकाबाईपुढे ठेवली.

लंकाबाईने ती बोटाने परत लोटली.

"ही न्हवं," ती म्हणाली. "माझी पात दाव, मुकादम."