ठमीची घंटी

साडेसात वाजून पाच मिनिटं झाली तरी थिरथिरा आला नव्हता, आणि म्हातारे घड्याळजी मागच्या दारातल्या बाकावर मान उंच करून बसले होते.

"काल बरोब्बर साडेसातला आला होता," ते म्हणाले. आतल्या सुनेला ऐकू जाईल इतपतच, मोठ्यानं नाही. पाखरू बिचकायला नको. "आज पाच मिनिटं मागे पडलाय."

सून ओट्याशी चहा गाळत होती. रात्रपाळी करून सकाळीच घरी आलेली, अंगावर अजून ड्यूटीचा स्वेटर. चहा कपात कमी आणि ओट्यावर जास्त पडत होता. तिचा हात रोज तीस-तीस जणांना सुया टोचतो बरं का, तेव्हा जरा म्हणून हलत नाही.

थिरथिरा म्हणजे चिमणीएवढंच पाखरू. काळं, पोट आणि शेपटी विटकरी, आणि ती शेपटी क्षणभर स्वस्थ राहील तर शपथ. पानगळ लागली की कुठून कुठून लांबून यायचं आणि परसातल्या मोडक्या खुर्चीच्या पाठीवर बसायचं. डाव्या पंखात एक पांढरं पीस, त्यामुळे ओळख पक्की. यंदाचं चौथं वर्ष. काल ते आलं, तेव्हा घड्याळजींनी पेंगुळलेल्या सुनेला झोपू न देता बाकावर बसवून ठेवलं होतं.

"इतक्या लांबून येतो, आणि बसतो कुठे? आपल्या खुर्चीवर! घर भरवशाचं आहे हे कळतं गं त्याला."

आणि आज पावणेसातला तेच पाखरू मागच्या दाराच्या पायपुसण्यावर पडलं होतं. शेजारी ठमी, या घरची मांजर, शाबासकीची वाट बघत बसलेली. सुनेनं पंख उलगडून पाहिला. पांढरं पीस होतं. मग तिनं पाखरू कागदात गुंडाळलं, कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून आली, पायपुसणं झटकलं, हात दोनदा धुतले. घड्याळजी तेव्हा दात घासत होते. किती सफाईनं उरकलं सगळं! त्या सफाईचीच तिला आता शिसारी येत होती.

ठमीवर खापर फोडून भागलं असतं तर काय हवं होतं. पण ठमीच्या गळ्यात घंटी असायची. घड्याळजींनीच बांधलेली, एका मोडक्या खेळण्यातली काढून, आवाज मनासारखा होईपर्यंत कानस मारून मारून. ठमी दबा धरून निघाली की घंटी वाजायची आणि पाखरं भुर्र. आता दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या झोपेचं तिनं खोबरं व्हायचं, ही गोष्ट वेगळी. काल दुपारी ठमी तिसऱ्यांदा कपाटावर चढली, तेव्हा सुनेनं चिडून घंटी सोडवली आणि स्वेटरच्या खिशात टाकली. तासाभरापुरतीच. उठल्यावर परत बांधायची होती. उठायलाच उशीर झाला आणि ती तशीच धावत ड्यूटीवर गेली. वॉर्डात खिसा वाजायला लागला, तेव्हा तिनं घंटीत कापसाचा बोळा कोंबला. आणि विसरली.

चहा गाळून झाला. ठमी आतल्या पलंगावर गाढ झोपली होती. घंटी तिच्या गळ्यात परत बांधली की संपलं, कोण विचारतंय? पाखरू नाही आलं तर नाही आलं. पाखरांचं काय, आज इथे, उद्या तिथे. असं मनाशी म्हणत म्हणत तिनं खिशात हात घालून नखानं बोळा उपसून काढला, आणि तेवढ्यात स्वतःचीच लाज वाटून ती जागीच थांबली.

"सूनबाई! आला, आला! चहा राहू दे, आधी ये!"

तिला वेडी आशा वाटली. पांढऱ्या पिसाची दोन पाखरं का नसतील? खिसा मुठीत आवळून ती दाराशी आली.

खुर्चीच्या पाठीवर एक विटकरी पान अडकलं होतं आणि वाऱ्यानं थरथरत होतं.

"पान आहे होय," घड्याळजी ओशाळून हसले. "डोळे कामातून गेले बघ माझे. पण येईल तो. आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पाठ फिरवत नाही." ते जरा सरकले, बाकावर त्यांनी तिच्यासाठी जागा केली. "बस की दोन मिनिटं. मला एकट्याला बघण्यात मजा नाही."

"बाबा," ती म्हणाली. खिशावरची मूठ कधी सुटली ते तिला कळलंही नाही. तिनं एक पाऊल टाकलं आणि घंटी वाजली.

घड्याळजींनी खुर्चीवरची नजर हलवली नाही. नुसता हात मागे करून त्यांनी तिला थांबवलं.

"ठमी आली वाटतं तुझ्या मागोमाग," ते कुजबुजले. "आत घे तिला आधी. तो इथेच कुठेतरी बसून बघत असेल. ती दिसली तर यायचा नाही."

सुनेनं घंटी खिशातून काढली आणि बाकावर, त्यांनी तिच्यासाठी केलेल्या जागेत ठेवली.

"ठमी नाही, बाबा," ती म्हणाली. "मी आहे."