ओठ मिटलेला चेहरा

नर्स असलेली लेक चहाच्या सुट्टीत घरच्या ग्रुपवर रोज एक विनोद टाकायची. आत्या, मावशी, काका, सगळे खाली दात दाखवून खदखदणारा चेहरा पाठवायचे. आई तेवढी ओठ मिटून हसणारा. आपण दूरच्या गावी नोकरी धरली म्हणून आई अजून फुगून बसली आहे, असं लेकीच्या मनाने घेतलं होतं.

आज मात्र आईकडून खदखदणाऱ्या चेहऱ्यांची अख्खी रांग आली. लेकीने कप तसाच ठेवून फोन लावला.

"आई, राग गेला वाटतं?"

"कसला राग? रागावले असते तर फोन करून चांगली झापली नसती तुला? अगं, कवळी बसली एकदाची!"

"मग इतके दिवस ते ओठ मिटून...?"

"तोंडाचं झालेलं बोळकं, आणि बत्तिशी दाखवणारा चेहरा पाठवू? धडधडीत खोटं ते!"

लेक वॉर्डात परतली, तरी खिशातला फोन थरथरतच राहिला. आई एकेका जुन्या विनोदाखाली राहिलेलं हसून घेत होती.