तिसरी वायर

गाडीच्या इंजिनाला उचकी लागली होती. चारांतला कुठला सिलिंडर रुसलाय हे शोधायला केतकी चालू इंजिनातली एकेका सिलिंडरची वायर काढून बघत होती. जी काढून फरक पडणार नाही, तिथंच दुखणं. शेजारी नवऱ्याच्या कडेवर दोन वर्षांची शाल्मली होती. ती अजून एकही शब्द बोलली नव्हती. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं.

पहिली वायर निघाली. इंजिन आणखी गचकलं.

“गेलं,” कडेवरून आवाज आला.

केतकीनं ती लावून घाईघाईनं दुसरी काढली.

“गेलं.”

तिसरी काढली. इंजिन तसंच, शाल्मली गप्प.

“अगं, सापडलं की,” नवरा म्हणाला. “बंद कर आता.”

“थांब रे, गाडी कुठं पळून जातेय?” काळ्या हातांनीच डोळे पुसत केतकीनं पुन्हा पहिली वायर काढली.

या वेळी तिघंही एकदम म्हणाली, “गेलं!”