शेवटच्या रांगेपर्यंत

हिसका बसला, आतला दिवा विझला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली.

निलेशने आधी एक बटण दाबलं, मग सगळीच दाबली. घंटीचं बटण आत गेलं ते आतच राहिलं. आवाज काही आला नाही. मोबाईलला रेंज नव्हती. त्याने टॉर्च लावला तेव्हा कोपऱ्यात भिंतीला चिकटलेली अक्षदा दिसली. दहा वर्षांची त्याची मुलगी. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीतून बाहेर आलेले गुलाबी पंख.

त्या पंखांसाठीच ते निघाले होते. परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांच्या संगीत नाटकाची तालीम चालायची. शिवडीच्या खाडीत उतरणाऱ्या फ्लेमिंगोंचं नाटक होतं. थव्यातून चुकलेल्या पिल्लाचं काम अक्षदाला मिळालं होतं. आज पंख परत करायचे आणि नाटकातून तिचं नाव कमी करून यायचं, असं निलेशने ठरवलं होतं. गणितात मार्क कमी पडले होते. "नाचगाण्याने कोणाचं भलं झालंय?" असं तो म्हणाला, आणि अक्षदाने मुकाट्याने चपला घातल्या. घरात ती बोलायचीच कमी. नातेवाईक तिला गुणी म्हणायचे.

"वॉचमन! ए वॉचमन! अरे, कोण आहे की नाही?" निलेशने दारावर मुठी आपटल्या. पत्रा दणदणला. बाहेरून काहीच उत्तर आलं नाही.

"तू काय बघत उभी राहिलीस? ओरड की!"

अक्षदाने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"एवढंही जमत नाही तुला? ओरड!"

ती आणखी मागे सरकली. पण मागे जागाच नव्हती. निलेश पुन्हा दाराकडे वळला. तो लाथा घालत होता, शिव्या देत होता, लिफ्टवाल्या कंपनीला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, नशिबाला. लालबागच्या जुन्या चाळीत असता तर एका हाकेला अख्खा मजला धावला असता. इथे टॉवरमध्ये जो तो आपलं दार लावून बसलेला. त्याचा शर्ट घामाने भिजला. आतली हवा जड झाली होती. छातीवर कोणी गुडघा रोवल्यासारखं त्याला वाटू लागलं. ओरडता ओरडता घसा बसला आणि तो खाली बसला. टॉर्च हातातून निसटून उलटा पडला. काळोख झाला.

त्या काळोखात फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. तुटक, घाईघाईचा.

"पप्पा," अक्षदा म्हणाली, "नाकाने श्वास घ्या. पोट फुगेपर्यंत. मग हळूहळू सोडा. घाई नाही करायची."

"गप्प बस गं..."

"घ्या ना. मी पण घेते."

तिने स्वतः श्वास घेऊन दाखवला. नाटक बसवणाऱ्या अनुजाताई तालमीच्या सुरुवातीला घ्यायला लावायच्या तसा. निलेशला वाद घालायचंही त्राण नव्हतं. त्याने एकदा घेतला, मग पुन्हा घेतला. छातीवरचा गुडघा थोडा हलला.

आणि मग ती दाराच्या फटीशी गेली. ताईंचं एक वाक्य तिला पाठ होतं: ओरडलं की शब्द फाटतात, सूर लावा, आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचवा. तिने डोळे मिटले. फटीपलीकडे कुठेतरी शेवटची रांग असणार, असं धरून चालली.

"खाडीवरच्या वाऱ्या रे, हाक माझी ने..."

पहिल्या ओळीला आवाज कापला.

"अगं, आता गाणी सुचतायत तुला?" निलेश बसल्या घशाने म्हणाला.

"पप्पा, तुम्ही आता बोलू नका," अक्षदा म्हणाली. "मी हाक मारतेय."

असं ती त्याला कधीच बोलली नव्हती. तिने ओळ पुन्हा घेतली. या वेळी सूर सरळ वर गेला. चुकलेलं पिल्लू धुक्यात थव्याला शोधतं, त्या प्रसंगाचं ते गाणं. लिफ्टचा लांबलचक बोगदा त्या सुराने भरून गेला. निलेशने आपल्या मुलीचा एवढा मोठा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

तिसऱ्या कडव्याला वरून चपलांची फटफट आली.

"कोण गो बाय गाता? खंय आसस तू?"

"कौसल्याकाकी! मी अक्षदा! आम्ही लिफ्टमध्ये अडकलोय!"

मग पळापळ झाली. वॉचमन चावी घेऊन आला. दार सरकवलं तेव्हा दहाव्या मजल्याची फरशी निलेशच्या छातीइतक्या उंचीवर होती. त्याने आधी अक्षदाला उचलून वर दिलं, मग वॉचमनने त्याला ओढून घेतलं. कौसल्याकाकींनी पाणी आणलं. त्या दहाव्या मजल्यावर राहायच्या, लिफ्टला लागूनच, निलेशच्या घराच्या बरोबर खाली. त्यांनी अक्षदाला जवळ घेऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला.

निलेश घटाघटा पाणी प्यायला. श्वास थाऱ्यावर आल्यावर त्याचा पारा पुन्हा चढला.

"काय बिल्डिंग आहे ही, काकी! एवढा वेळ मी जीव तोडून ओरडतोय, दार बडवतोय, आणि एकालाही ऐकू जाऊ नये?"

काकींनी मान खाली घातली. अक्षदाच्या पाठीवरचा त्यांचा हात थांबला.

"ऐकू येत होतं रे मला, पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, रोजच्यासारखा घरातच ओरडतोयस. म्हणून मी दार लावून घेतलं."