मैनेचा होकार

हंगामाच्या पहिल्या शर्यतीआधी घोड्यांची संमती घ्यावी लागते. सकाळपासूनची एकोणिसावी शिंगरी समोर आली, तेव्हा तपासनीस कारखानीसबाईंचा चहा कधीच गार झाला होता. त्यांनी तिच्या मानेला मन वाचणारा पट्टा बांधला.

"मैना, पळायचंय?"

हिरवा दिवा लागला, म्हणजे हो. प्रशिक्षक शितोळे हसले.

"पाय दुखतोय?"

पुन्हा हिरवा.

"शितोळे मारतात?"

हिरवाच.

"अहो बाई, बोट लावलं नाही कधी!" शितोळे कळवळले. "सरावात हिरवा लागला की गूळ द्यायचो. आता काहीही विचारलं तरी तिला गूळच आठवतो."

"सगळेच देतात. आज हिच्या आधीच्या अठराच्या अठरा घोड्यांना मार पडतोय." बाईंनी जांभई दिली. "नियमाला पहिलं उत्तर पुरतं. पळवा."

त्यांनी शिक्का मारला. शितोळ्यांकडे यंदा ही एकच शिंगरी होती. ते दारापर्यंत गेले, थांबले, खाली बसले आणि पट्टे यायच्या आधी बघायचे तसे तिचे पाय हाताने चाचपू लागले. पुढच्या डाव्या पायाशी हात थबकला.

"गरम लागतोय," ते म्हणाले. "शर्यतीतून नाव काढा, बाई."

"अहो, तिनं हो म्हटलंय."

"ते मी म्हटलंय."