लाल चिंधी

आमच्या परसातल्या भोपळ्याचं बियाणं सासूबाईंच्या आईपासून चालत आलेलं. दरवर्षी बियाण्यासाठी राखायच्या एका भोपळ्याला सासूबाई लाल चिंधी बांधतात. मग त्याला घरात कुणी हात लावायचा नाही. बाकीचे कोवळे असतानाच कापायचे.

यंदा मात्र काल बांधलेली चिंधी त्यांना आज आठवेना. बघता बघता मांडवावरच्या अकराही भोपळ्यांना चिंध्या लागल्या. एखादा कापायला जावं, तर हातातला विळा हिसकावून घेत. दारात वेल लगडलेला आणि मी बाजारातून भाजी आणतेय!

"आई, बियाण्याला एकच ठेवतात ना?"

"एकच तर ठेवलाय. उगाच डोकं खाऊ नकोस."

आज सकाळी तर कहर झाला. मी दिलेला चहा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "तू कुणाची गं?"

सव्वीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढल्यावर हे! मी तरातरा परसात गेले आणि दहा भोपळे चिंध्यांसकट कापून टाकले. सगळे जून, लाकडासारखे. एकही भाजीच्या लायकीचा उरला नव्हता. तिथेच मांडवाखाली रडत बसले आणि रडता रडता डोळा लागला.

जाग आली, तेव्हा सासूबाई माझ्या मनगटाला लाल चिंधी बांधत होत्या.

"आई, हे काय?"

"हलू नकोस," गाठ घट्ट करत त्या म्हणाल्या, "हिला कुणी हात लावायचा नाही."