तिसरं पान

"क्रांतीला भाऊ नसतो, आई," मंत्री आल्स्टन म्हणाला आणि लष्करी टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली.

"आणि आई? ती असते की तीही नसते?" त्याच्या आईनं, सारं गाव जिला टँटी म्हणजे मावशी म्हणतं त्या युलानं, चुलीपुढून मान वर न करता विचारलं.

आल्स्टन हसला. सभेत हसतो तसा. थोरल्या बेटावरच्या राजधानीतून तो सरकारी बोटीनं आला होता, सोबत दोन बंदूकवाले. स्वतःच्या आईच्या घरी यायला बंदुका! आज गावात ढोल होता, पितरांसाठी वाजवतात तो. ढोलाच्या दिवशी आमच्याकडे घरोघरी गेलेल्यांची, म्हणजे मेलेल्या माणसांची, पानं आतल्या खोलीत मांडतात. पांढरं कापड, मेणबत्ती, घोटभर रम. आधी ते जेवतात, मागून आपण. मंत्री गावच्या ढोलाला आला नाही तर लोक नावं ठेवतील, म्हणून स्वारी आली होती. आईसाठी नव्हे.

त्याचा धाकटा भाऊ कॉस्मो पावसाळ्यापासून तुरुंगात होता. गुन्हा काय? तर भर सभेत उठून त्यानं विचारलं, "निवडणूक कधी घेताय?" बस्स, एवढंच. खटला नाही, सुनावणी नाही. अटकेच्या हुकमावर सही थोरल्या भावाची. आणि निर्लज्जपणा बघा, जुन्या हुकूमशहानं आल्स्टनला डांबलं होतं तेही हाच प्रश्न विचारला म्हणून! तेव्हा हीच म्हातारी होडीनं थोरल्या बेटावर जायची आणि तुरुंगाच्या दारात डबा घेऊन उन्हात उभी राहायची.

"सोड त्याला," ती म्हणाली.

"शत्रू टपून बसलेत, आई. आत्ता ढिलाई करून चालणार नाही."

"शत्रू? अरे, तो होड्या बांधतो! खिळे ठोकण्यापलीकडं त्यानं कुणाचं काय वाकडं केलंय?"

"मग माफी लिहून दे म्हणावं. उद्या सोडतो."

"कशाची माफी? प्रश्न विचारल्याची? तू दिली होतीस लिहून?"

"पुरे!" आल्स्टन ताडकन उठला. टोपी खाली पडली. "तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा सरकार त्यांचं होतं, आता आपलं आहे. कॉस्मो आतच राहील. हा विषय संपला."

म्हातारीनं चुलीतली लाकडं पुढं सारली. संपला तर संपला.

ओरडून आल्स्टनचा घसा कोरडा पडला होता. पाणी घ्यायला तो खुंटीपाशी गेला. खुंटी रिकामी होती. तिथं त्याचा निळा मग असायचा, कपचा उडालेला, लहानपणापासूनचा.

"माझा मग कुठंय गं?"

"वापरात आहे." तिनं पत्र्याच्या डब्यातून पाणी दिलं.

पाणी पिऊन तो जरा निवला. चुलीवर तुरीच्या दाण्यांची आमटी रटरटत होती, निखाऱ्यात नीरफणस भाजला होता. असा वास राजधानीत कुठला!

"भूक लागलीय, आई. वाढ ना."

टँटीनं झग्याला हात पुसले. लेकाकडं नीट, शांतपणे पाहिलं.

"वाढलंय कधीचं. आत जा."

त्यानं पडदा सारला. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती जळत होती. एक पान बापाचं. एक आजीचं. आणि एक तिसरं.

आल्स्टन गर्रकन मागं वळला. "आई! हे कुणी सांगितलं तुला? धादांत खोटं आहे! कॉस्मो जिवंत आहे. आईशपथ, मी त्याला मारलेलं नाही!"

"ठाऊक आहे मला. कालच डबा देऊन आले. पोटभर जेवला माझा कॉस्मो."

मग आल्स्टनची नजर त्या तिसऱ्या पानाशेजारी गेली. तिथं निळा मग होता, रमनं काठोकाठ भरलेला.

"बस, जेव," दारातून आई म्हणाली. "गेलेल्यांनी आधी जेवायचं असतं."